खाली बसाल तर दिसेल

मी एक वाकडा आरसा बोलतोय. वाकडा म्हणजे बांध्यानं, स्वभावानं नव्हे. मध्ये खोलगट, कडेला उंच, मोठ्या उथळ ताटलीसारखा. शाळेच्या पुस्तकात मला अंतर्गोल म्हणतात. घरात मला काय काय म्हटलं गेलं, ते सांगण्यासारखं नाही.

जाड काचेच्या चकतीला एक म्हातारा कारागीर तीन आठवडे घासत बसला होता, त्यातून मी झालो. घासता घासता तो माझ्याशी गप्पा मारायचा. माझ्या बडबडीचं मूळ तिथं आहे. मग अंगावर चकचकीत मुलामा चढला. मी डोळे उघडले, तर समोर कारागीर उलटा लटकलेला. मी घाबरलो. तो मात्र म्हणाला, "जमला." माणूस लांबून उलटा दिसतो आणि जवळून अवाढव्य, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

माझं पहिलं घर एका निवृत्त मास्तरांचं. त्यांनी मला दाढीसाठी आणलं होतं. दाढी झकास व्हायची. पण एके सकाळी मास्तरीणबाईंनी जवळून डोकावलं आणि स्वतःच्या नाकावरचं एकेक छिद्र विहिरीएवढं पाहिलं.

"एक तर हा राहील या घरात, नाहीतर मी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. तो क्षण त्यांना फार महागात पडला. संध्याकाळपर्यंत मी जुन्या सामानाच्या दुकानात पोचलो होतो.

तिथून कुणीतरी मला मुलांच्या विज्ञान दालनाला देऊन टाकलं. दालनानं मला अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पाच वर्षं मी फक्त भिंत पाहिली. तीही अवाढव्य, पण भिंतीला काय फरक पडतो.

मला बाहेर काढलं ते भिंगरीच्या आईनं. ती दालनात मुलांना प्रयोग करून दाखवायची. नोकरी कराराची, दर सहा महिन्यांनी जीव टांगणीला. भिंगरी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. ही बाई कशाचीही काळजी करू शकायची. पाळणाघराचा फोन आला तर काय झालं म्हणून, आणि नाही आला तर का नाही आला म्हणून. बोलायला तोंड उघडलं की पहिला शब्द "माफ करा". एकदा मला पुसताना फडकं खाली पडलं, तर ती फडक्याला माफ करा म्हणाली.

वरिष्ठांनी तिला सांगितलं होतं: नवा प्रयोग उभा करा, समिती बघायला येईल. पसंत पडला तर नोकरी पक्की. नाहीतर या महिनाअखेर करार संपतोय.

तिनं ठरवलं की हवेत बूट दाखवायचा.

हे कसं होतं ते सांगतो, कारण सगळं श्रेय हवेला मिळतं आणि हवा काहीच करत नाही. टेबलाच्या एका टोकाला मी. दुसऱ्या टोकाला एक पेटी, फक्त माझ्याकडच्या बाजूनं उघडी. पेटीत भिंगरीचा लाल बूट उलटा टांगलेला, शेजारी छोटा दिवा. पेटीच्या माथ्यावर मात्र काहीच नाही. बुटावरून निघालेला उजेड माझ्यावर येतो. मी तो परतवतो, आणि विखुरलेले किरण पेटीच्या माथ्यावर, मोकळ्या हवेत, पुन्हा एकत्र येतात. तिथून ते पेटीच्या पलीकडे, बघणाऱ्याकडे पसरतात. ते डोळ्यांत शिरले की डोळा शपथेवर सांगतो, बूट तिथंच आहे, आणि सुलटा आहे. अट एकच. डोळा त्या किरणांच्या वाटेवर असला पाहिजे. हवा किरणांना अडवून तुमच्याकडे वळवत नाही. वाट चुकलात, तर पेटी रिकामी.

रोज संध्याकाळी पाळणाघरातून भिंगरी यायची, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. आई तिच्याशेजारी उकिडवी बसायची आणि मला तसूतसू सरकवायची.

"दिसतोय का गं?"

"दिसतोय. दे."

"तो घेता येत नाही, राणी. तो उजेडाचा आहे."

"मग उजेडाचा दे."

भिंगरी हात पुढे करायची, हात बुटातून आरपार जायचा, आणि ती भोकाड पसरायची. आई तिची समजूत काढायची आणि मला आणखी अर्धं बोट सरकवायची. अशा रीतीनं आठवडाभरात माझी जागा अगदी चोख बसली.

समितीचा दिवस उजाडला. तिघं आले: मोठे साहेब, दालनाच्या संग्रहपालबाई आणि एक सुरक्षा अधिकारी, जे बूट पाहायच्या आधी दिव्याची वायर पाहू लागले. भिंगरीच्या आईनं इस्त्रीचा कुर्ता घातला होता. दिवा लावून ती म्हणाली, "माफ करा, आता इथं हवेत एक बूट दिसेल."

तिघांनी पाहिलं. पेटीवर काही नव्हतं.

"कुठं?" मोठे साहेब म्हणाले.

"इथंच आहे. म्हणजे, काल होता."

"बूट आत आहे का पण?" संग्रहपालबाईंनी विचारलं.

तिनं पेटीत पाहिलं. बूट होता, दिवा होता. मीही होतो, जीव तोडून किरण परतवत होतो. माझं सगळं काम त्या तिघांच्या पोटांवर वाया जात होतं. साहेबांच्या शर्टाच्या चौथ्या गुंडीला डोळा असता, तर तिनं मला बक्षीस दिलं असतं.

"बरं, ठेवा," साहेब म्हणाले. "पुढच्या खेपेला कुणीतरी बघेल." 'कुणीतरी' म्हणजे ती नव्हे, हे तिला कळलं. तिच्या हातातला पेचकस खाली पडला. तो उचलायला ती सवयीनं उकिडवी बसली, मान वर केली, आणि तशीच थांबली.

बूट तिच्या नाकासमोर तरंगत होता.

तिच्या तेव्हा ध्यानात आलं. आठवडाभर तिनं हा प्रयोग उभ्यानं एकदाही पाहिला नव्हता. साडेतीन वर्षांत तिनं बहुतेक जग उकिडवं बसूनच पाहिलं होतं.

आता साहेबांना कसं सांगायचं? मला वाटलं, "माफ करा"नं सुरुवात होणार. पण तोंडातून निघाला तो रोज संध्याकाळचा सूर. "बसा बघू सगळ्यांनी खाली."

संग्रहपालबाई लगेच बसल्या. अधिकारी वायर हातात धरूनच बसले. मोठे साहेब गुडघ्यांशी थोडा वाद घालून, टेबलाला धरून, टप्प्याटप्प्यानं खाली आले.

तिघांनाही बूट दिसला. साहेबांनी हळूच हात पुढे केला, बूट पकडला, आणि मूठ उघडून आत पाहिलं.

"आत टांगलाय तो उजव्या पायाचा ना? हा डाव्याचा वाटतोय," संग्रहपालबाई म्हणाल्या.

"आरसा आहे तो, मॅडम. तेवढी अदलाबदल करतोच," भिंगरीची आई म्हणाली. माफ करा न म्हणता.

"प्रयोग मंजूर," साहेब म्हणाले. "तुमचंही पक्कं. फक्त टेबल दोन फूट उंच करा. लोकांना उभ्यानं दिसलं पाहिजे."

तिनं नुसती मान डोलावायची, की झालं. नोकरी हातात होती. माझी काच गार पडली.

"नाही," ती म्हणाली. "मग मुलांना दिसणार नाही. मोठ्यांना बसता येतं. मुलांना उंच होता येत नाही."

अधिकाऱ्यांनी वायर सोडली. साहेबांनी उठायचा एक प्रयत्न केला, दुसरा केला, आणि नाद सोडला.

"तो नोकरीचा कागद इकडेच द्या," ते म्हणाले. "खालीच सही करतो. तोवर तो बूट आणखी एकदा दाखवा."

आता मी दालनाच्या मधोमध आहे, त्याच बुटक्या टेबलावर. ती पक्की झाली, काळजी काही कमी झाली नाही. अकरा वाजता पाळणाघराला फोन असतोच. मुलं येतात, बूट पकडतात, फसतात, पुन्हा पकडतात. मोठी माणसं उभ्यानं बघतात, "बंद दिसतंय" म्हणतात आणि पुढे जातात. मी त्यांच्या पोटांवर उजेड पाडत राहतो.

तुम्ही याल तेव्हा एवढं करा. चारचौघांत बसायला संकोच वाटेल, गुडघे कुरकुरतील, पण बसा. उठायला मदत लागली, तर शेजारी ती असतेच.