कोऱ्या खान्यांतला उजेड

"थेंबकाका, कोऱ्या खान्यांत इस्ट्रोजेन गेलंय," मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"नाही गेलं, मॅडम."

"मग काय भुतानं टाकलं?"

प्लेटच्या इवल्या खान्यांत पेशी होत्या आणि त्या पेशींत गोगलगायीचा ग्राही बसवलेला होता. ग्राही म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेऊन पेशीला कामाला लावणारं प्रथिन. ते जागं झालं की खाना उजळतो. अर्ध्या खान्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक टाकायचं, बाकीचे कोरे ठेवायचे. आज सगळेच सारखे उजळले होते.

थेंब टाकताना हात चुकत नाही, म्हणूनच प्रयोगशाळेत त्यांना थेंबकाका म्हणत. पण आज त्यांनी इस्ट्रोजेनच्या बाटलीवरची खूण दोनदा तपासली. बायको गेल्यापासून ते घरी हातातलं काम टाकून मध्येच आतल्या खोलीत जात. लेकीनं बजावलं होतं, "बाबा, कामावरही असं काही झालं, तर नोकरी सोडून माझ्याकडे यायचं. शब्द द्या." त्यांनी शब्द दिला होता.

दुसरी प्लेट मॅडमनी स्वतः लावली. इस्ट्रोजेनची बाटली खोलीत आणलीच नाही. तरी सगळे खाने उजळले.

"तुमचा हात धुतल्या तांदळासारखा आहे, काका. उगाच बोलले."

"मग याला निरोप देतं कोण?"

"कोणीच नाही. माणसाचा ग्राही इस्ट्रोजेनची वाट पाहतो. गोगलगायीच्या ग्राहीत ते बसायची खोबणच बुजलेली असणार. पूर्वजांत उघडी असावी. निरोप थांबला, काम चालू राहिलं."

"कशासाठी?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

संध्याकाळी लेक आली होती. काकांनी प्लेटची हकीकत रंगवून सांगितली.

"म्हणजे चूक माझी नव्हती. तुझ्याकडे यायचं रद्द!"

"वकील ठेवलाय की काय, बाबा?" लेक हसली. "बरं, कामावरचं मिटलं. आणि घरचं..."

काका उठून आतल्या खोलीकडे निघाले होते. ती मागोमाग गेली. पलंगावर आईच्या अंगाखालची आडवी चादर अजून पसरलेली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला काका तीच चादर ओढून कुशीवर वळवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आता त्यांनी वाकून चादरीची कड मुठीत गोळा केली आणि जपून, वजन असल्यासारखी, स्वतःकडे ओढली.

"आई हाक मारते का, बाबा?"

"नाही गं. एकदाही नाही. नुसता उठतो."

लेक दारातच थांबली. मग ती पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली आणि चादरीची दुसरी कड तिनं हातात घेतली.

"कुठल्या कुशीवर?"

"डाव्या," ते म्हणाले. "हळू."