अकरावा कट्ट

"कट्ट!"

लाउडस्पीकरवर हाड वाजलं आणि कोराडीच्या कॉलनीमागच्या मैदानात अख्खा मांडव उठून उभा राहिला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी तिथंच लोटांगण घातलं. वीजकेंद्राची राख कपाळाला लागली तर अंगारा समजून ती कोणी पुसेना. पेशंटच्या गुडघ्यावरची रेशमी शाल बाजूला सारत सांधानंद महाराज वदले, "हाड रुसलं होतं, बाळांनो! सुनेसारखं माहेरी जाऊन बसलं होतं. आम्ही समजूत काढली, सासरी नांदायला आणलं. बोला, सांधानंद महाराज की..."

"जय!"

हाडांना सासर-माहेर असतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय कोण जाणे! पण मांडवात पुस्तक उघडतो कोण? सगळ्यात मोठा 'जय' होता नत्थूजींचा. मान होता ना त्यांना! पेशंटना नंबर वाटायचे त्यांनी आणि शालीखाली गुडघ्याशी माईक धरायचा तोही त्यांनीच. दहा पेशंट झाले की महाराज अर्धा तास ध्यानाला आतल्या खोलीत जात. विष्णूचे अवतार दहा, म्हणून पेशंटही दहाच. नत्थूजींना हे अगदी पटलेलं होतं.

नत्थूजी वीजकेंद्रात कंत्राटी फिटर. दुरुस्त केलेला पंप तासभर चालवून बघितल्याशिवाय कागदावर सही न करणारा माणूस. पोरीच्या गुडघ्यावर मात्र त्यांनी एका आवाजावर सही करून टाकली.

पोरीचं नाव उन्नती. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं घाम गाळत होती. सरावात लांब उडी मारून उतरताना तिचा गुडघा आत वळला, आतून फट्ट झालं आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याची पपई झाली. फिजिओथेरपिस्ट प्रीती मॅडमनी एमआरआय बघून स्पष्ट सांगितलं होतं, "आतलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करून घ्या. नऊ महिने मैदानाचं नाव काढायचं नाही."

नऊ महिने! भरती दीड महिन्यावर आली होती. नत्थूजींनी पोरीला महाराजांपुढे नेऊन बसवलं. एक कट्ट, आणि काम फत्ते! सूज तर आधीच आपोआप उतरत आली होती, पण श्रेय गेलं महाराजांना. पोरगी सरळ रेषेत धावूही लागली. मग काय, चौकात बॅनर लागला. महाराजांच्या पायाशी हात जोडलेली उन्नती आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ऑपरेशन टळले!'

"बाबा, वळताना गुडघा सटकल्यासारखा वाटून राहिला," ती एकदा म्हणाली. "आपण मॅडमले दाखवू ना."

"शंका काहून घेतं वं? शंकेनं महाराजाची विद्या उतरते."

आणि ती पुन्हा सरावाला गेली. बापावर विश्वास होता हो तिचा!

भरतीच्या दिवशी आठशे मीटरमध्ये ती चौथी होती. शेवटच्या वळणावर पुढची मुलगी आडवी आली. उन्नतीनं पाय रोवला, अंग वळवलं, आणि वरचं हाड एकीकडे, खालचं दुसरीकडे गेलं. तिची किंकाळी कुंपणाबाहेर उभ्या बापाला ऐकू आली. बाकीच्या मुली तिला वळसा घालून पुढे पळाल्या. त्यांचीही भरतीच होती, त्या कशाला थांबतील?

दवाखान्यात प्रीती मॅडम नत्थूजींवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रविवारचं मटण खाता ना? सांध्यापाशी पांढरी, चिवट पट्टी लागते. दातानं तुटत नाही."

"हो, लागते."

"तेच लिगामेंट. हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी. सांधा हलवतात स्नायू, पण तो भलतीकडे जाऊ नये म्हणून आवरून धरते ही दोरी. उन्नतीचं हाड कुठं गेलं नव्हतं, नत्थूजी, तिची दोरी तुटली होती. सरळ धावताना निभावतं, वळताना दगा देतं. तुटलेली दोरी दाबून जुळते का? तेव्हा फक्त दोरी गेली होती. आता दोन हाडांमधली गादीही चिरडली. ऑपरेशननंतर ती चालेल. भरतीचं मात्र विसरा."

नत्थूजी हट्टानं म्हणाले, "पण आवाज? मी सोताच्या कानानं आयकला, मॅडम."

मॅडमनी स्वतःचं बोट ओढलं. कट्ट! "सांध्यात पाणी असतं. ताण दिला की त्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा हा आवाज. हाडाच्या जागेशी काही संबंध नाही." मग तेच बोट त्यांच्या हातात दिलं. "आता तुम्ही ओढा."

त्यांनी ओढलं. पुन्हा ओढलं. काही वाजेना.

"वीसेक मिनिटं थांबावं लागतं. बुडबुडा विरला की मगच पुन्हा वाजतं. तुमचे महाराज किती पेशंट घेतात हो एका दमात?"

"दहा. मंग अर्धा तास ध्यान..."

नत्थूजी आपले दोन्ही पंजे उघडून बघत बसले.

गुरुवारी मांडव पुन्हा गच्च भरला. दहावा कट्ट झाला, जयजयकार झाला, महाराज ध्यानाला उठू लागले. माईकवर नत्थूजींचा आवाज आला, "अकरा नंबर!"

वॉकर टेकत उन्नती आली आणि पाय लांब करून बसली. ऑपरेशनच्या आधी तिला स्वतःच यायचं होतं. महाराज गडबडले, "वेळ झाली, बाळा."

"पाच मिनिटं, महाराज. बॅनरवाली पोरगी हाये ना!" नत्थूजी म्हणाले.

गर्दीच्या डोळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? शाल पडली, माईक आत गेला. महाराजांनी मंत्र म्हटला, जोर लावला. लाउडस्पीकरवर नुसता त्यांचाच श्वास, म्हातारा बैल चढावर धापा टाकतो तसा. नुसता पाय लांब ठेवायचीच कळ उन्नती ओठ चावून सोसत होती. मग नत्थूजींनी सर्रकन शाल ओढली. महाराजांचे हात पोरीच्या गुडघ्यावर नव्हतेच! त्यांच्या उजव्या मुठीत त्यांचंच डावं बोट होतं आणि ते बोट पिळून पिळून लाल झालं होतं.

"पाहा गा!" नत्थूजी माईकवर ओरडले. "बोटं दहा, म्हणून पेशंट दहा! हाड नाही वाजत, याचं बोट वाजते!"

महाराज म्हणाले, "पोरीच्या मनात पाप आहे. विद्या उतरली." आणि शाल गुंडाळून गाडीत जाऊन बसले.

काही माणसं खाली मान घालून निघाली. पण काठी टेकत तिसऱ्यांदा 'बरा व्हायला' आलेला धोंडबा उन्नतीवरच खेकसला, "तुह्यं नशीब फुटकं, अन् आमचा नंबर गमावला वं!" त्याच्या बायकोनं नंबराची चिठ्ठी जपून पदरात बांधली. हे असं असतं बघा! उघडा पडतो बुवा, आणि शिव्या खाते ती मोडलेली पोर.

घरी आल्यावर उन्नतीनं बापाला एवढंच विचारलं, "बाबा, माईक तर तुमच्याच हातात होता ना?"



महिन्याभरानं कुही गावात महाराजांचा नवा मांडव उभा राहिला. बॅनरवर फोटो उन्नतीचाच, हात जोडलेला. नत्थूजी रजा टाकून तिथं गेले. आत त्यांना कोणी घेईना, म्हणून ते फाटकाशी उभे राहिले. लंगडत येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही पंजे दाखवून सांगत राहिले, "अकरावा नंबर मांगा. आवाजावर जाऊ नका गा, तपासून घ्या. काहून, कसं, ते इचारा. इचारल्यानं कोणाचा देव मरत नाही. मी नाही इचारलं, अन् माह्या पोरीचा पाय गेला."

दहातले नऊ त्यांना येडा समजून आत गेले. एक बाई मात्र लेकाचा हात धरून थांबली आणि म्हणाली, "दादा, त्या मॅडमचा दवाखाना कुठं हाये?"