उताणी झुरळं

"मॅडम, झुरळांना सर्दी होते का?"

हे विचारायची मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती. शाळेत कीटकांवर बोलायला पाहुण्या बाई आल्या होत्या. वर्ग फिदीफिदी हसेल आणि मी दिवसभर मिरवेन, एवढाच आमचा बेत. वर्ग हसलाही. बाई मात्र हसल्या नाहीत.

"सर्दी नाही, पण बुरशी लागते," त्या म्हणाल्या. "अंगाला चिकटते, आत शिरते. आणि मरण्याआधी झुरळ ती आपल्या भावंडांनाही देऊन जातं."

मी बाकावरच थिजले. कारण माझे बाबा झुरळं मारतात. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल आणि हल्ली प्रत्येक फवारणीनंतर भिंत धरून खोकणं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आणखी औषध छातीत गेलं तर छाती कायमची गेली. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "मला दुसरं येतं काय?"

बाईंच्या मागे फाटकापर्यंत धावत जाऊन मी त्या बुरशीची हिरवट पावडर मिळवलीच. बाबांनी ती त्यांच्याकडे काम असलेल्या एका बेकरीत, भांडी घासायच्या मोरीमागच्या फटींत लावली. पण गुण यायला वेळ लागतो, हे काही त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं नाही. लाजले. त्यांच्या धंद्यात फवारणीच्या दुसऱ्या सकाळी केरभरणीभर उताणी झुरळं दाखवली की काम झालं. आता ते रोज केरभरणी घेऊन जायचे आणि रिकामी परत आणायचे.

आज शाळा सुटल्यावर मी थेट बेकरीत गेले. मालकीणबाई बाबांना फैलावर घेत होत्या.

"अहो, मारायला बोलावलं होतं, पाळायला नाही. उद्या उताणी दिसली नाहीत तर दुसरा माणूस आणते."

बाबा मान खाली घालून "हो" म्हणाले. मला ते बघवेना. टॉर्च घेऊन मी मोरीमागे पोटावर आडवी झाले.

घरी येताच बाबांनी पंप भरायला घेतला. आई दार अडवून उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

"डॉक्टर आणून देणार आहेत का उताणी झुरळं?" बोलता बोलता त्यांना ढास लागली. आईने पाण्याचा पेला पुढे केला.

मी काडेपेटी उघडून समोर धरली. आत एक झुरळ होतं, पायांवर उभं, अंगभर हिरवी लव.

"हे उताणं कुठाय?" बाबा म्हणाले.

"उताणं नाही, पण मेलंय. फटीत अशी कितीतरी आहेत, बाबा. ही बाहेर येऊन मरत नाहीत. तुम्ही नुसती फरशी बघत होतात."

त्यांनी बोटाने ते हळूच ढकललं. हललं नाही.

"काडेपेटी दाखवून मालकीणबाई ऐकणार नाहीत गं," ते म्हणाले. पण पंपाचं झाकण त्यांच्या हातातच राहिलं होतं. ते मी काढून घेतलं.

"उद्या मी तुमच्याबरोबर येणार," मी दोघांना सांगितलं. "त्यांना फटीत डोकवायला लावणार, आणखी आठवडाभराची मुदत मागणार. बोलणार मी. आणि त्या नाही म्हणाल्या, तरी पंप घरीच राहणार."