समोरची खुर्ची

श्रीहरीने पेपरवाल्याला सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून पेपर नको. पेपर घ्यायचा तो रविवारच्या गूढ शब्दकोड्यासाठी, आणि बायको केसरबाई गेल्यापासून एकही कोडं पुरं झालं नव्हतं.

बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून तो निवृत्त झाला तेव्हापासून दोघांची रीत ठरलेली. टेबलाच्या अलीकडे तो, समोर ती. पेपर त्याच्याकडे सुलटा. लसूण सोलता सोलता ती उलटी अक्षरं वाचायला शिकली होती. आडवे शब्द त्याचे, उभे तिचे. समोरच्याने मान हलवल्याशिवाय पेनाने लिहायचं नाही.

त्या रविवारी शेजारचा कमरुद्दीन टेलर चहाला आला आणि केसरबाईच्या खुर्चीकडे वळला.

"तिथी नको, खाटेवर बस."

"रोज खाटच. सुतळी टोचते मले," कमरुद्दीन म्हणाला आणि कप घेऊन उभाच राहिला. "पेपर काऊन बंद करून राह्यला?"

"एकट्यानं होत नाई. हे आयक. 'देवा, नरमाईने बोल. मधे शेपटीवाला दडलाय.' तीन अक्षरं."

"मारुती. हे त मलेबी येते."

"मीबी तेच लिवलं. पेनानं. पण उभ्या शब्दाले याच्या शेवटच्या घरात 'र' पायजे."

"मंग उभा चुकला असन."

"उभा बरोबर आहे."

कमरुद्दीन उभ्यानेच चहा पिऊ लागला. श्रीहरीला ते बरं वाटेना, पण ती खुर्ची द्यायला जीभ वळेना. शेवटी तो स्वतःच उठला.

"तू माह्या खुर्चीत बस."

आणि तो समोर जाऊन बसला. त्या बाजूने त्याने कधी पेपर पाहिलाच नव्हता. खिडकी आता कमरुद्दीनच्या पाठीशी होती, त्याची सावली थेट कोड्यावर पडत होती.

"सरक थोडा, उजेड येऊ दे," श्रीहरी म्हणाला. केसरबाई दर रविवारी हेच म्हणायची. त्याला ती कटकट वाटायची.

उलटं वाचताना अर्थ लागेना. एकेक अक्षर बोटाने धरावं लागत होतं. दे. वा. न. र. बोट थांबलं. देव नाही, नरमाई नाही, नुसती अक्षरं. दोन शब्दांच्या मधोमध उत्तर बसलेलं होतं.

"वानर," तो म्हणाला. त्याला हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. ती भरभर कशी सोडवायची ते आज कळलं.

त्याने पेन उचललं आणि समोर बघत राहिला.

"काय पाहून राह्यला माह्या तोंडाकडं?"

"मान हालव."

"काऊन?"

"हालव म्हणतो ना."

कमरुद्दीनने मान हलवली. श्रीहरीने मारुतीवर काट मारून वर बारीक अक्षरात वानर लिहिलं.

"पेपर चालू ठेवतो मी. रविवारी लवकर येजो. आडवे तुले, उभे मले."

"मले कुठी येते हे?"

"मले तरी उलटं वाचता कुठी येते? तिथीच बसजो पण. ही खुर्ची माही."