हाकगोलची मतदारयादी

"बाई, आमच्या गावची मतदारयादी कोण करणार?"

मागच्या रांगेतून प्रश्न आला तसं सभागृहात हसू पिकलं. विचारणारे प्यो ग्वांग-जिन ऐंशी वर्षांचे, रेल्वेतले निवृत्त सिग्नल-मिस्त्री आणि हाकगोलचे सरपंच. हाकगोल सीमेपलीकडे, उत्तर कोरियात. तिथून निघून त्यांना अडुसष्ट वर्षं झाली होती. पण दक्षिणेचं सरकार उत्तरेतल्या गावांनाही सरपंच नेमतं, त्यांना सोलमध्ये एका कार्यालयात बसायला जागा देतं, शिक्काही देतं. गाव नाही, पण कारभार आहे. लोकांना याची गंमत वाटते. प्योआजोबांना मात्र त्याचं कुतूहल होतं, कारण सिग्नल का पडला हे कळल्याशिवाय खांबावरून न उतरणारा हा माणूस.

त्या वसंतात दोन्हीकडचे नेते सीमेवर भेटले होते. म्हणून कार्यालयाने राज्यघटना शिकवणाऱ्या प्राध्यापक नामगुंगबाईंना बोलावलं होतं. एकीकरणावर सार्वमत घ्यायचं झालं तर काय, हा विषय.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "आजोबांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंय. घटनेचं तिसरं कलम म्हणतं, सगळा द्वीपकल्प आपला. म्हणजे हाकगोलचे लोकही आपलेच नागरिक. बहात्तरावं कलम म्हणतं, एकीकरणाचं धोरण राष्ट्राध्यक्ष सार्वमताला टाकू शकतात. पण मत कुणाचं? त्यांना यादीत घ्यावं, तर पेटी तिथवर न्यायची कशी? वगळावं, तर तिसरं कलम नुसतं शोभेला."

"मग उत्तर काय?"

"अजून कुणाकडे नाही. यादी करायला बसलंय कोण!"

एवढं आजोबांना पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला ते कार्यालयात हजर. तिथल्या कारकून मेंगबाई वीस वर्षं त्यांना ओळखत होत्या.

"सरपंच, सार्वमत उद्याच आहे का?"

"नाही. पण उद्या निघालं तर लोक विचारतील, सरपंच काय झोपा काढत होते?"

त्यांनी कागदावर वेशीपासून विहिरीपर्यंत गाव काढलं आणि घराघरांतली माणसं आठवायला घेतली. दोन दिवसांत गाडी अडली. गावातल्या बायकांना कुणी नावाने हाक मारतच नसे. माहेरच्या गावावरून हाक, नाहीतर पोराच्या नावावरून. आजोबांच्या यादीत 'डोंगरपल्याडची', 'भातखाचरवाली', 'चोल-सुची आई' अशी रांग लागली.

"अहो, मतपत्रिका काय डोंगरपल्याडचीला देणार?" मेंगबाई हसल्या. "आणि आज त्या असत्या तर शंभरीच्या पुढे असत्या."

ते खरंच होतं. मोठ्यांना वगळल्यावर तेव्हाची पोरं तेवढी उरली. सगळी मिळून अकरा नावं. मेंगबाईंनी ती टंकताना नकाशा पाहिला आणि त्यांचं बोट वेशीवरच्या घरावर थांबलं.

"हे पहिलं घर रिकामं कसं? हे तर तुमचं ना?"

"आमच्यातलं कुणी नाही राहिलं तिथं."

मेंगबाई उठल्या. युद्धात पळून आलेल्यांना इकडे कुटुंबनोंद नव्याने करावी लागली होती; प्यो घराच्या नोंदीची नक्कल त्यांनी कपाटातून काढली. त्यात लिहिलं होतं: प्यो ओक-बुन, मुलगी, वय सहा. मृत्यू, डिसेंबर १९५०.

"धाकटी बहीण?"

आजोबांनी चष्मा काढला. "मेलेली नव्हती ती. अंगात ताप होता म्हणून आजीपाशी ठेवली. बाबा म्हणाले, तीन दिवसांत परत येऊ. पुढं उत्तरेत आपलं कुणी आहे असं कळलं की पोलीस दारात येऊन बसायचे. सरकारी नोकरीचं तर नावच काढू नका. बाबांनी तिला कागदावर मारली, तेव्हा मला रेल्वे मिळाली. अर्जात मीही तेच लिहिलं."

"पण नंतर दोन्हीकडच्या ताटातूट झालेल्या नातलगांच्या भेटी झाल्या. तुम्ही नाव नाही दिलंत?"

"मेलेल्या माणसाला भेटायचं आहे म्हणून अर्ज कसा करायचा, बाई?"

 मेंगबाईंनी नामगुंगबाईंना फोन लावून आजोबांच्या हातात दिला.

"मयताला मत नाही, आजोबा," पलीकडून उत्तर आलं. "नोंद दुरुस्त करायला कोर्टात जावं लागेल. ती खोटी होती आणि तुम्हाला ठाऊक होतं, असं लिहून द्यावं लागेल. ते तुमच्या गावकऱ्यांनाही कळेल."

आजोबांनी फोन ठेवला. वडिलांना खोटं ठरवायचं, तेही या वयात! लग्नांना, साठाव्या वाढदिवसांना मानाच्या खुर्चीवर बसवणारी हाकगोलची माणसं आता काय म्हणतील?  पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोर्टाच्या खिडकीशी उभे होते आणि अर्जात स्वच्छ लिहिलेलं होतं: आम्ही खोटं लिहिलं. मला माहीत होतं.

"ती जिवंत असल्याचा पुरावा?" खिडकीतल्या तरुणीने विचारलं.

"मेल्याचा तरी कुठं घेतला होतात?"

तिने अर्ज दोनदा वाचला. "निकाल काय लागेल सांगता येत नाही, आजोबा," ती म्हणाली आणि अर्ज ठेवून घेतला.

कोर्टातून ते थेट कार्यालयात आले. मेंगबाईंनी यादी पुढे सरकवली. "बारावं नाव खाली घाला. जागा आहे."

"खाली कसं? यादी घरांच्या क्रमाने आहे. आमचं घर पहिलं."

"अहो, मग सगळे क्रमांक बदलतील!"

"बदलू देत."

त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि सावकाश लिहिलं: एक. प्यो ओक-बुन. स्त्री. वय चौऱ्याहत्तर. मग सरपंचाचा शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तिच्या नावापुढे जपून उठवला.