चाखण्याआधी

आक्का बाहेर कुठंही जेवायला निघाल्या की पिशवीत स्टीलची छोटी डबी असायचीच. डबीत तीळ-खोबरं घातलेली घरची कांदालसूण चटणी. लग्न असो, बारसं असो, समोर कसलंही ताट आलं तरी आक्का आधी डबी उघडायच्या आणि मग घास घ्यायच्या.

त्या रविवारी दुपारी निघताना सुनेनं, संयोगितानं, दारातच अडवलं.

"आत्ती, आज डबी घरात ठेवा. मागं त्या पंजाबी हॉटेलात तुम्ही डाळीत चटणी कालवत होता आणि सगळे वेटर बघत उभे. मला मान वर करता येईना."

"ठेवली गं बाई," आक्का म्हणाल्या.

डबी पिशवीतच होती. दहा वर्षांच्या स्नेहलला ते ठाऊक होतं, कारण पिशवी तिच्याकडंच धरायला दिलेली होती. तिनं आजीकडं पाहिलं, आजीनं डोळा मिचकावला.

तिघी निघाल्या होत्या नागाळा पार्कातल्या नव्या थाई हॉटेलात. थाई जेवण कसं असतं ते तिघींनाही माहीत नव्हतं. पण तिथला मुख्य आचारी कामिल होता. मंगळवार पेठेत आक्कांच्या समोरच्याच घरातला. लहानपणी त्याची आई शिवणकामाला जायची तेव्हा हा दुपारभर आक्कांच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी थापताना बघायचा आणि प्रश्न विचारून जीव खायचा. पुढं गोव्यातल्या हॉटेलांत राबून तो थाई स्वयंपाक शिकला आणि परत आला. दोन-तीनदा त्यानं स्वतः दारात येऊन सांगितलं होतं, "आक्का, एकदा येऊन माझ्या हातचं खावा की."

हॉटेल पाहून स्नेहल हरखली. भिंतीवर वेलींच्या कुंड्या, टेबलावर काळ्या दगडाच्या ताटल्या, आणि एका बाजूला स्वयंपाकघर. पण मध्ये भिंत नाही, नुसती काच. पलीकडं पांढऱ्या कोटातला कामिल कढई हलवत होता. त्यानं झाऱ्यासकट हात वर केला. आक्कांनीही केला.

मालक राजवीर स्वतः पाणी घेऊन आला. तिशीतला, हसरा.

"कामिलची माणसं व्हय? या मावशी, बसा. आज खास जेवायला घालतो तुम्हाला."

"तिखट हाय का काही?" आक्कांनी विचारलं.

"हाय की. पण त्यांचं तिखट वेगळं." राजवीर खुर्चीला टेकला. "मावशी, खरं सांगतो, कोल्हापुरात चायनीज आलं, त्याचं आपण कोल्हापुरी केलं. पिझ्झाचं पण केलं. मी म्हटलं, आपण न्हाय करायचं. माझ्या किचनमध्ये कांदालसूण चटणीला बंदी हाय. आधीच्या आचाऱ्यानं गपचूप घातली, त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. कामिलला पण पहिल्याच दिवशी सांगितलंय, हे एक चालणार न्हाय."

"बरोबर हाय," संयोगिता म्हणाली आणि सासूकडं बघून हसली.

आधी कच्च्या पपईची कोशिंबीर आली, मग भात आणि मोठ्या वाडग्यात रेड करी. कामिलनं काचेपलीकडून बोट दाखवून सांगितलं, ही, ही खावा.

"तांबडी दिसती तरी," आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात संयोगिताचा फोन वाजला. ती बाहेर गेली. स्नेहलनं एक चमचा तोंडात घातला आणि नाक मुरडलं.

"आजी, गोड हाय."

"नारळाचं दूध घालतात म्हणं," असं म्हणेपर्यंत आक्कांचा हात पिशवीत गेला होता. डबी उघडली. दोन चमचे चटणी वाडग्यात पडली, ढवळली, डबी परत पिशवीत. "आता खा बघू."

स्नेहलनं खाल्लं. "आता भारी लागतंय!"

संयोगिता परत आली, तिनंही भातावर करी घेतली आणि तिचा चेहरा खुलला. म्हणूनच राजवीर पुन्हा टेबलाशी येऊन "कसं काय?" म्हणाला तेव्हा तिनं मनापासून सांगितलं, "खरं सांगू? आम्ही जरा भीतच आलतो. पण ही करी अगदी आपल्याकडची लागती."

राजवीरचं हसू थांबलं.

"आपल्याकडची?"

"व्हय की. झणझणीत."

"थोडी बघू का?" त्यानं स्वच्छ चमचा घेतला, करी जिभेवर घोळवली. मग हळूच म्हणाला, "या करीत तीळ नसतात." आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

काचेपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. राजवीर हात उडवून बोलत होता. कामिल मान हलवत होता. मग त्यानं फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले, झाकणं उघडली, राजवीरपुढं धरली. एक डबा राजवीरनं हातानं बाजूला सारला. बाकीची पोरं आपापल्या शेगडीकडं तोंड करून उभी राहिली.

"काय झालं हो?" संयोगितानं विचारलं.

आक्कांच्या तोंडातला घास तसाच राहिला. आता सांगायचं म्हणजे डबी काढून दाखवायची. सुनेसमोर, आजूबाजूच्या टेबलांसमोर. मिटेल आपोआप, असं त्यांना वाटलं. राजवीर समजूतदार दिसतो. थोडं बोलेल आणि सोडून देईल.

"काही न्हाय. जेव तू," त्या म्हणाल्या.

"आजी," स्नेहल कुजबुजली, "कामिलदादानं न्हाय घातली की."

"गप."

 खरं बोलल्याबद्दल आजीनं स्नेहलला आजवर कधी गप केलं नव्हतं. तिनं चमचा खाली ठेवला. काचेपलीकडं कामिलनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मग मी जाऊन सांगू?" स्नेहल म्हणाली. "मी सांगते, मी घातली म्हणून."

आक्कांना एकदम चटका बसला. आपली चूक हे एवढंसं लेकरू अंगावर घ्यायला निघालंय आणि आपण घास चघळत बसलोय. त्या उठल्या. पिशवी घेतली आणि काचेच्या दाराकडं चालू लागल्या. स्नेहल मागोमाग गेली.

आत वाफ होती. राजवीर म्हणत होता, "...विश्वासानं किचन हातात दिलं तुझ्या, आणि गाववाली मंडळी आली म्हणून..."

"राजवीर," आक्का म्हणाल्या, "चटणी मी घातली." आणि त्यांनी डबी ओट्यावर ठेवली.

राजवीरनं डबी उघडली, वास घेतला आणि खो खो हसत सुटला. "अहो मावशी! माझ्या आचाऱ्याची नोकरी घालवली असती की तुम्ही!" मागची पोरंही हसली. राजवीरनं कामिलच्या पाठीवर थाप मारली. "चुकलं मित्रा. मनावर घेऊ नको." आणि अजून हसत तो बाहेर गेला.

त्याच्यापुरतं ते तिथं संपलं.

कामिल हसला नव्हता. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, उघडे डबे एकेक करून झाकले.

"माफ कर बाळा," आक्का म्हणाल्या. "मी लगेच उठायला पायजे होतं."

"ते जाऊ दे आक्का. शेठ बोलतोच." त्यानं शेवटचं झाकण लावलं. "मला एवढंच सांगा. चटणी घालायच्या आधी एकदा तरी चाखली हुती का?"

शेगडीवर काहीतरी खदखदत होतं. 'व्हय' म्हणणं अगदी सोपं होतं. चाखली, पण माझ्या म्हाताऱ्या जिभेला ती गोडच लागली, एवढं म्हटलं असतं तरी तो हसला असता. आक्कांनी तोंड उघडलंही. पण स्नेहल पदर धरून वर बघत होती.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "न्हाय चाखली."

कामिलनं मान डोलावली.

"तुम्ही येणार म्हणून आज वाटण मिक्सरला लावलं न्हाय. सकाळी उखळात कुटलं."

"थोडी दे की मग. आता चाखते."

"संपली आक्का. तेवढीच हुती." तो हे रागानं म्हणाला नाही, आणि तेच आक्कांना जड गेलं. बाहेरून दुसऱ्या टेबलाची ऑर्डर आली, तसा तो वळला. "जेवण गार होतंय, जावा."

टेबलावर संयोगितानं सगळं ओळखलं होतं. ती काहीतरी बोलणार होती, पण सासूचा चेहरा पाहून तिनं फक्त पाण्याचा पेला पुढं सरकवला.

आक्कांनी वाडगा ओढून घेतला. भात न घेता नुसती करी चमच्यानं तोंडात घेऊ लागल्या. सावकाश, डोळे मिटून. आधी यायची ती चटणीच. लसूण, तीळ, खोबरं, सगळं घरचं. त्याच्या खाली कुठंतरी गवती चहाचा वास लागल्यासारखा वाटायचा आणि जिभेवर धरेपर्यंत निघून जायचा.

"आजी, काय करतीयास?" स्नेहलनं विचारलं.

"कामिलनं काय केलं हुतं ते बघतीय," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक चमचा घेतला.