पिच्चरमध्ये नसलेली दहा वर्षं

शनिवारी साऱ्या शाळेपुढं गोष्ट सांगायची होती आणि बुधवारपर्यंत हर्षदाची गोष्ट दोनदा पडली होती. दोन्ही वेळा शेवटच्या लढाईलाच मैत्रिणी चुळबुळायला लागल्या. शनिवारी तसंच झालं तर हसं होणार, या धास्तीनं तिला जेवण गोड लागेना.

गोष्ट तिच्या लाडक्या पिच्चरची होती. ग्रहाग्रहांवर जुलूम करणाऱ्या लोखंडी सुभेदाराचे जुने तीन पिच्चर केंदूर गावच्या पोरांना केबलवर बघून पाठ झाले होते. मग त्याआधीची हकिकत सांगणारे नवे पिच्चर आले. हा सुभेदार पूर्वी भला पोरगा होता, तो जिवलग मित्रावर का उलटला, ते त्यांत होतं. हर्षदानं भाड्यानं सीडी आणून ते पाहिले होते.

तिचे आजोबा हरिबा खळ्यावर कांदा निवडत होते. त्यांनी तरुणपणी धनगरी ओव्यांना झेल धरली होती. पुढचा ओळ टाकतो, मागचा ती उचलतो; झेल मिळाल्याशिवाय पुढचा हलत नाही.

"सांग. मी झेलतो," आबा म्हणाले.

"दोघं एका यानात निघाले."

"निघाले जी, यानात निघाले! यान म्हंजी गं?"

"उडती एसटी समजा."

आबा झेलत गेले. लढाई आली. "त्यानं मित्रावर तलवार उगारली!"

आबांनी ओळ उचलली नाही. कांद्याची पात कापत राहिले.

"झेला की, आबा!"

"कशी झेलू? हे दोघं एकमेकांचे कोण?"

"जिवाभावाचे दोस्त."

"कुणी सांगितलं?"

"तेच म्हणतात. 'आठवतं, त्या विहिरीत मी तुला वाचवलं होतं?' असं."

"आन् विहीर दावली का?"

"न्हाई. पहिल्या पिच्चरमध्ये पोरगं हाय, दुसऱ्यात एकदम दाढी. मधली दहा वर्षं न्हाईतच."

"मग एवढा येळ दावलं काय?"

"सभा. ठराव. सह्या."

"त्यापरीस आपल्या सोसायटीच्या सभेला जाऊन बसावं की, फुकाट!" आबा हसले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पिच्चर करणाऱ्याला घाई झाली असंल, पोरी. शेवट समद्यांना ठावा असला की तिकडंच पळावं वाटतं. ओव्या गाणारा आमचा म्होरक्या बी लढाईकडं पळायचा. पण बाया रडायच्या ते ओवीतले दोघं दोस्त एका घोंगडीत निजले तिथं."

"पण पिच्चरमध्ये नसलेलं कसं सांगू? लबाडी व्हईल."

"आधी सांगून टाक, एवढं माझं हाय म्हणून."

शनिवारी तिनं तसंच सांगितलं. "विहिरीचं मी रचलंय. पिच्चरमध्ये न्हाई."

मग तिनं दोघांना कोरड्या विहिरीत उतरवलं. मित्राचा पाय मोडलेला. तीन दिवस सुभेदार कपारीतल्या ओलीला सदरा लावून बसायचा आणि ओला झाला की मित्राच्या तोंडात पिळायचा. स्वतःच्या वाट्याला काही उरायचं नाही. रात्री मित्र थंडीनं कुडकुडला, तेव्हा सुभेदारानं त्याला पोटाशी धरलं आणि सकाळपर्यंत सुचतील तशी गाणी म्हटली.

चुळबूळ थांबली होती.

लढाई आली. हर्षदानं तलवारीसाठी हात उचलला.

"आरं, नको मारू त्याला!" पुढच्या रांगेतला इंद्रजीत ओरडला. त्यानं हा पिच्चर चारदा पाहिला होता.

कुणी हसलं नाही. हर्षदाचा हात तसाच वर राहिला. क्षणभर तिलाही वाटलं, नकोच. पण घडलेलं घडायलाच हवं होतं. तिनं आवाज अगदी बारीक केला आणि हात सावकाश खाली आणला.